मंगळवार-गुरुवारची व्हॅन

“मीनल, तुमचा पोरगा पळाला,” विनायकदादा फोनवर म्हणाले.

मला क्षणभर काही कळेचना. मला मुलगी आहे आणि ती त्या वेळी शाळेत होती. मग डोक्यात प्रकाश पडला. ते त्यांच्या अप्रेंटिसबद्दल बोलत होते. पोरगा कितीतरी दिवस कामावर आला नव्हता, फोन उचलत नव्हता, निरोपाला उत्तर देत नव्हता.

“त्याचं अ‍ॅग्रीमेंट कॅन्सल करून टाका,” ते म्हणाले. “आणि कारण स्पष्ट लिहा. न सांगता काम सोडलं. मी सही करायला तयार आहे.”

त्या वेळी मी ऑकलंडमध्ये ट्रेनिंग को-ऑर्डिनेटर होते. म्हणजे नक्की काय, हे माझ्या सासरच्या मंडळींना मी आजवर समजावू शकलेले नाही, तरी इथे प्रयत्न करते. न्यूझीलंडमध्ये सुतार, प्लंबर किंवा इलेक्ट्रिशियन व्हायचं तर नुसतं कॉलेजात बसून होता येत नाही. एखाद्या मालकाकडे तीन-चार वर्षं पगारावर राहायचं, त्याने धंदा शिकवायचा, मध्येमध्ये परीक्षा द्यायच्या. मालक, मुलगा आणि आमची संस्था असा तिघांचा करार असतो. मालक शिकवतोय ना आणि मुलगा शिकतोय ना, हे बघत गावभर गाडी हाकणारी बाई म्हणजे मी. पुण्यात एका पॉलिटेक्निकला मी वर्कशॉप शिकवत असे, त्यामुळे भुसा आणि गोंगाट यांची सवय होती.

विनायकदादांची जॉइनरी होती. लाकडाच्या खिडक्या, दारं, जिने, किचनची कपाटं बनवायचा कारखाना म्हणजे जॉइनरी. ते स्वतः सुतार नव्हेत. पुण्यात मशिनरीच्या विक्रीत होते. इथे येऊन एका म्हाताऱ्या गोऱ्याचा चालता कारखाना त्यांनी विकत घेतला. त्यांचा हा अप्रेंटिस तिसऱ्या वर्षाला होता. त्याची फाइल माझ्याकडे नुकतीच आली होती, कारण आधीचा को-ऑर्डिनेटर वेलिंग्टनला बदलून गेला होता. मुलाचं नाव सिओने, मूळचा पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरचा, राहायला पापाकुराला. मी त्याला तोवर पाहिलंही नव्हतं.

विनायकदादांना मात्र आमच्यातलं कोण ओळखत नव्हतं? इथल्या मराठी मंडळाचा गणपती त्यांच्याशिवाय बसत नसे. नवीन कुटुंब आलं की एअरपोर्टवर आधी ते पोहोचायचे, मग नातेवाईक. आणि त्यांनी सुरू केलेला ज्येष्ठांचा कट्टा तर आम्हा सगळ्यांच्या घरांचा आधार होता. आमच्यापैकी बहुतेकांचे आईवडील सहा-सहा महिने, वर्ष-वर्ष इथे येऊन राहायचे. आम्ही सकाळी मोटरवेला लागायचो आणि ते मोठ्या घरात एकटे. आमच्या उपनगरात, फ्लॅट बुशला, तेव्हा नव्या घरांच्या रांगाच रांगा उठत होत्या, पण पायी जाऊन बोलावं असं माणूस दिसत नसे. दर मंगळवारी आणि गुरुवारी विनायकदादांची व्हॅन आमच्या आयांना, वडिलांना घरून उचलायची, जवळच्याच बॉटनी भागातल्या हॉलवर न्यायची. भजन, पत्ते, डबे, गप्पा. दुपारी परत घरी. माझी आई तर आमच्याकडेच राहायची आणि त्या दोन दिवसांवर उरलेला आठवडा काढायची. मी विनायकदादांना कितीदा तरी म्हटलं होतं, “तुमचे उपकार कसे फेडायचे?” त्यावर ते हसून हात झटकायचे.

तर असा हा माणूस. मी साहेबाच्या केबिनमध्ये गेले.

माझा साहेब रॉस. स्वतः जॉइनर, पुढे ऑफिसात आलेला. त्याला एक विलक्षण नाद होता. इंग्लंडमधले अठराव्या शतकातले शिकाऊ आणि मालक यांचे तंटे तो वाचत असे. आपण क्रिकेटचे जुने सामने आठवतो तसे तो ते खटले सांगायचा.

“मालक माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. घरच्यासारखा,” मी म्हटलं.

“ऑकलंडमध्ये कोण कोणाला ओळखत नाही? मुलाला भेटलीस?”

“नाही अजून.”

“मग अर्धीच गोष्ट ऐकलीस. त्या काळातही शिकाऊ पळाला की मालक मॅजिस्ट्रेटकडे आधी पोहोचायचा. त्याच्याकडे घोडा असायचा ना! पोरगा नंतर चालत यायचा आणि सांगायचा, मला धंदा शिकवलाच नाही, पाणी भरायला लावलं, मालकिणीची पोरं सांभाळायला लावली.”

“हे पाणी भरायला लावणारे नाहीत,” मी जरा ठसक्यातच म्हटलं.

“मग उत्तमच. जाऊन ये.”

ठसका आला, कारण मला ते आमच्या माणसांवर बोलल्यासारखं वाटलं. परदेशात हे असं होतं. एकावर कोणी शंका घेतली की सगळ्यांच्या वतीने आपल्याला राग येतो. पण जायला हवंच होतं. ‘न सांगता काम सोडलं’ असा शेरा लागलेला तिसऱ्या वर्षाचा मुलगा दुसरा कुठलाही मालक घेत नाही. तिथेच त्याचा धंदा संपतो आणि मग आयुष्यभर गोदामात खोकी उचलायची.

पापाकुराच्या त्या घराच्या दारात जांडल्सचा ढीग होता. इथे रबरी चपलांना जांडल्स म्हणतात. दार त्याच्या आजीने उघडलं. सिओने मागून आला. उंचपुरा, रुंद खांद्यांचा पोरगा, आणि आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. मला बघून तो दचकला. अनोळखी माणसाला बघून दचकतात तसं नव्हे, पण माझ्या ते लक्षात आलं नाही.

मी गॅरेजमध्ये टेबलावर पांढरा बोर्ड मांडला, पट्टी-पेन्सिल दिली. “एका साध्या खिडकीचा सेट-आउट काढून दाखव.”

सेट-आउट म्हणजे खिडकी जेवढी बनवायची तेवढ्याच मापाचं, बोर्डावर काढलेलं तिचं चित्र. कुठला तुकडा कुठे संपतो, सांध्याची जीभ किती लांब, काच कुठे बसते, सगळं त्यात आलं. लाकडाला करवत लावायच्या आधी जॉइनर हे काढतो. ज्याला हे जमत नाही तो जॉइनर नव्हे, मदतनीस. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला ते हसतखेळत जमायला हवं.

सिओनेने दोन रेघा मारल्या आणि थांबला. बराच वेळ बोर्डाकडे पाहत राहिला. मग पेन्सिल खाली ठेवली.

“सॉरी, मिस. मला येत नाही.”

“पहिल्या वर्षी शिकवलं नाही कोणी?”

“केविनने सुरुवात केली होती.” केविन हा कारखान्याचा फोरमन. तो ऑस्ट्रेलियाला निघून गेला, आणि त्याच्या जागी कोणी आलं नाही. विनायकदादा माणूस शोधत होते, मिळत नव्हता. राहिलेले दोघे कारागीर कपाटं जोडण्यात बुडालेले. शिकवायला कोणी उरलंच नाही.

मग त्याने ब्लॉक कोर्सचं सांगितलं. वर्षातून काही दिवस सगळ्या कारखान्यांची मुलं एकत्र आणून त्यांना शिकवतात, त्याला ब्लॉक कोर्स म्हणतात. यंदा तिथे बाकीची मुलं जिन्याचा सेट-आउट काढत होती आणि हा शेजारच्याचं बघून रेघा ओढत होता. शिक्षकाने सगळ्यांसमोर विचारलं, तू खरंच तिसऱ्या वर्षाला आहेस का? पोरं हसली. त्या दिवसापासून तो कारखान्यात गेला नव्हता.

“पण एवढे दिवस तू कारखान्यात करत काय होतास?”

“झाडू मारायचो. डिलिव्हरी. आणि...” त्याने आजीकडे पाहिलं. “आणि नानाज्.”

“नानाज्?”

“म्हाताऱ्या लेडीज, मिस. आणि काही पपाज्. मंगळवारी आणि गुरुवारी व्हॅनमधून हॉलवर नेतो. कधी डॉक्टरकडे, कधी इंडियन शॉपमध्ये. दे आर लव्हली.” मग जमिनीकडे बघत म्हणाला, “तुमची मम पुढच्या सीटवर बसते. तिला मागे चढता येत नाही. मी तुमचं घर ओळखतो, मिस. आत भिंतीवर तुमचा फोटो आहे.”

म्हणून दचकला होता तो.

मला वाटतं मी काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही. पण मनात पहिला विचार काय आला ते चांगलं आठवतंय. या मुलाचं आयुष्य फुकट चाललंय, हा नव्हे. तो नंतर आला. पहिला विचार असा आला, की आता आई गुरुवारी कशी जाणार? त्या विचाराची मला तिथल्या तिथे इतकी लाज वाटली की मी पट्टी-पेन्सिल गोळा करायला लागले.

“तू ‘नाही’ का म्हणाला नाहीस?” मी विचारलं.

त्याच्या आजीने उत्तर दिलं. “म्हाताऱ्या माणसांना नाही म्हणायचं असं आमच्यात शिकवत नाहीत.”

आमच्यातही शिकवत नाहीत. फक्त आमच्यात ते काम दुसऱ्याच्या पोराने केलं होतं.

मी तशीच कारखान्यात गेले. विनायकदादांनी चहा मागवला. मी जे ऐकलं ते सरळ विचारलं.

“अहो, तो त्याच्या मर्जीने जायचा,” ते म्हणाले. “त्याला आवडायचं. मी कधी पाठवलं नाही.”

“व्हॅन तुमची, दादा. वेळ कामाची.”

“मग त्याचा पगार कापला का मी कधी? सणाला घरी जेवायला बोलावलं. त्याच्या आजीला शाल दिली. पोटच्या पोरासारखं वागवलं त्याला, मीनल. आता तो स्लो आहे, त्याच्या डोक्यात शिरत नाही, त्याला मी काय करू?”

“त्याच्या डोक्यात घालायला माणूस कुठे होता?”

त्यांनी कप खाली ठेवला. “एक लक्षात घ्या. ही व्हॅन बंद पडली तर पंचवीस घरांची म्हातारी माणसं घरात कोंडून पडतील. त्यात तुमची आईही आहे.” हे ते धमकीच्या सुरात बोलले नाहीत. अगदी आपुलकीने बोलले. त्यामुळे मला आणखी वाईट वाटलं.

ऑफिसात येऊन रॉसला सगळं सांगितलं. माझी आई त्या व्हॅनमध्ये बसते हेही सांगितलं, मान वर न करता.

“मग ही केस तुझी नाही. आजपासून माझी,” तो म्हणाला. “मुलगा काय म्हणतो, मालकाने पाठवलं?”

“तो लेखी काही द्यायला तयार नाही. म्हाताऱ्यांना त्रास व्हायला नको म्हणतो.”

“आणि मालक म्हणतो पोरगा आपल्या खुशीने गेला. म्हणजे याचा शब्द आणि त्याचा शब्द.” रॉसने चष्मा पुसला. “तसं असेल तर मालकाचाच शब्द टिकतो. दोनशे-अडीचशे वर्षांत त्यात काही फरक पडलेला नाही. व्हॅनमध्ये बसणाऱ्या कोणाला तरी बोलावं लागेल.”

रॉसने तीन-चार घरी फोन केले. सगळ्यांनी गोड बोलून टाळलं. कोणाला हल्ली काही आठवत नव्हतं, कोणाला इंग्रजी येत नव्हतं, कोणाच्या सुनेने सांगितलं की सासूबाईंना या वयात कशाला त्यात ओढता. आईला विचार असं मला रॉस म्हणू शकत नव्हता आणि मी विचारणार नव्हते. पण घरी मला गप्प बसता येईना. स्वयंपाकघरात आई बेसन भाजत होती. मी विचारलं, “कोणासाठी?”

“सोन्यासाठी. बरेच दिवस आला नाही. परवा विनायक स्वतः गाडी घेऊन आला होता, पण त्याला वळणं जमत नाहीत.”

सिओनेचा सोन्या झाला होता. मी गॅस बंद केला आणि तिला सगळं सांगितलं.

आईने कालथा ताटलीत ठेवला. “मला वाटलं तो ड्रायव्हरच आहे. त्याचं कामच ते.”

“तो सुतारकाम शिकायला आला होता, आई.”

ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, “आमच्या अण्णाचं असंच केलं.”

अण्णा म्हणजे माझा थोरला मामा. मी त्याला पाहिलेला नाही. शाळेत रमेना म्हणून आजोबांनी त्याला मिरजेला एका शिंप्याकडे शिकायला ठेवलं होतं. शिंप्याच्या घरी तान्ही पोरं होती. मामाने पाळणा हलवला, पाणी शेंदलं, दळण आणलं. कात्री काही हातात आली नाही. पुढे घरी आला तेव्हा त्याला धड काज करता येत नव्हतं. जन्मभर दुसऱ्याच्या दुकानात कापडाचे तागे उचलून ठेवत राहिला.

“आजोबांनी शिंप्याला जाब विचारला नाही?”

“कसा विचारणार? शिंपी सज्जन होता. अण्णाला आपल्या ताटात घेऊन जेवायचा.” आईने डोळ्यांना पदर लावला. “आणि मी त्या पोराला म्हणायचे, थांब रे, एक भजन राहिलंय. तो व्हॅनमध्ये बसून राहायचा. तुझ्या साहेबाला सांग, मी येते.”

“आई, नंतर कट्ट्यावर तुझ्याशी कोणी बोलणार नाही.”

“मला कळत नाही का ते?”

मीटिंग आमच्या ऑफिसच्या लहान खोलीत झाली. टेबलाच्या एका बाजूला विनायकदादा, समोर सिओने, मध्ये रॉस. आईला रॉसने आपल्या शेजारी खुर्ची दिली. मला कोपऱ्यात बसवलं. “तू एक शब्दही बोलायचा नाही,” त्याने आधीच बजावलं होतं. दुभाषी बोलावला होता, पण आलेला माणूस हिंदीचा निघाला. आमच्या ऑफिसला ‘इंडियन’ एवढंच कळलं होतं. रॉस म्हणाला, पुढची तारीख घेऊ.

आई मला म्हणाली, “काय म्हणतोय हा?”

मी तोंड उघडणार तोच रॉसने बोट वर केलं. विनायकदादांनीच तिला सांगितलं, की दुभाषी नाही म्हणून पुढे ढकलताहेत.

“कशाला? तू आहेस की,” आई त्यांना म्हणाली. “तूच सांग त्यांना. मी बोलते, तू सांग.”

रॉसने सिओनेकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले, चालेल म्हणून. रॉसने माझ्याकडे पाहिलं. “बरं. शब्द इकडचा तिकडे झाला तर मीनल उठून खोलीबाहेर जाईल. मग आपण थांबायचं.”

आईने हात मांडीवर घेतले. “त्यांना सांग, हा मुलगा सकाळी आमच्या दारात यायचा. पायरी उतरताना मला हात द्यायचा.”

विनायकदादांनी ते छान सांगितलं. जरा खूशच दिसले.

“सांग, मी पत्ते खेळायचे, भजन म्हणायचे, आणि हा बाहेर व्हॅनमध्ये बसायचा. मी म्हणायचे आत ये. तर म्हणायचा, नो नाना, बॉस सेज वेट.”

विनायकदादा थांबले. घसा साफ करून इंग्रजीत म्हणाले, “ती म्हणते, तो थांबायचा.”

मी जमिनीकडे बघत होते. उठावं की नाही?  ज्या माणसाने मला इथे पहिलं घर बघून दिलं, त्याला भर मीटिंगमध्ये खोटं पाडायला मला उठायचं होतं.

“पूर्ण सांग, विनायक,” आई शांतपणे म्हणाली. “मी ते शब्द इंग्रजीतच बोलले. सगळ्यांनी ऐकलेत.”

रॉसला मराठी येत नाही, पण ‘बॉस’ कळायला मराठी लागत नाही. तो पेन खाली ठेवून वाट बघत राहिला.

“ती म्हणते,” विनायकदादा म्हणाले, “बॉसने थांबायला सांगितलंय, असं तो म्हणायचा.”

मग आईने अण्णामामाचं सांगितलं. पाळणा, पाणी, दळण, काज. विनायकदादा एकेक वाक्य इंग्रजीत करत होते आणि दर वाक्याला त्यांचा आवाज खाली चालला होता. रॉस पुढे वाकून ऐकत होता. त्याच्या जुन्या खटल्यांतला एक खटला मिरजेहून नऊवारीत चालत आला होता.

“शिंपी वाईट नव्हता,” आई म्हणाली. “पोटच्या पोरासारखं वागवायचा. म्हणूनच आमच्या वडिलांचं तोंड बांधलं गेलं. तूही वाईट नाहीस, विनायका. तू मला आई म्हणतोस. पण मी त्या गाडीत बसले आणि या पोराचे दिवस खाल्ले. मला लाज वाटते. आता तुझं तू त्यांना सांग.”

हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं नाही. 

“काय म्हणाल्या त्या?” रॉसने विचारलं.

“मी पाठवायचो त्याला,” विनायकदादा म्हणाले. “दर आठवड्याला. केविन गेल्यावर शिकवायला कोणी नव्हतं. मला स्वतःला येत नाही. त्याने रिकामं बसून राहण्यापेक्षा बरं, असं मला वाटलं. आणि लोक मला नावाजत होते.”

 मग सिओने त्याच्या त्या हळू आवाजात म्हणाला, “ऑल गुड, बॉस.”

रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. विनायकदादांनी तोंड हातात लपवलं. मीही मान खाली घातली, कारण मला त्या मुलाकडे बघवेना.

निकाल असा लागला. करार रद्द झाला, पण मालकाने शिकवलं नाही या कारणाने. सिओनेच्या नावावर शेरा राहिला नाही. रॉसने त्याला पापाकुराजवळच्या एका छोट्या जॉइनरीत लावून दिलं. तिथला मालक तोंडाने फटकळ होता, पण दिवसभर मुलाच्या शेजारी उभा राहायचा. वाया गेलेला काळ मात्र त्याच्या शिक्षणात धरला गेला नाही. “मॅजिस्ट्रेटसुद्धा मुलाला करारातून सोडवायचा,” रॉस म्हणाला. “गेलेली वर्षं परत द्यायला त्यालाही कधी जमलं नाही.” सिओनेला जवळपास पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. त्याच्यापेक्षा लहान मुलांबरोबर बसून त्याने खिडकीचा सेट-आउट काढला.

विनायकदादांनी पुन्हा अप्रेंटिस ठेवला नाही. गणपती तेच बसवत राहिले. माझ्याशी बोलायचे, पण चहा मागवणं बंद झालं.

व्हॅनही बंद झाली. कट्ट्यावरच्या बायकांनी त्याचा दोष आईला दिला. हळदीकुंकवाची बोलावणी येईनाशी झाली. आई खिडकीत बसून शेजारच्यांच्या मांजराशी मराठीत बोलायची. तेव्हा कुठे मला सुचलं, की रॉसकडे मी कामाची वेळ बदलून मागू शकते. इतकी वर्षं सुचलं नव्हतं, कारण व्हॅन येत होती. आमच्या आईवडिलांना आम्ही हौसेने इथे आणलं, आणि त्यांच्यासाठी आमच्याकडे नसलेला वेळ पापाकुराच्या एका पोराकडून घेतला. विनायकदादांनी तो आम्हाला नुसता वाटून दिला. वाढपी ते होते, जेवलो आम्ही. हे मी पुढे पाच-सहा घरी फोनवर बोलले. दोघांनी फोन ठेवला. बाकीच्यांनी कुरकुरत का होईना पाळ्या लावल्या. एक गुरुवार माझा, एक गुरुवार कोणाच्या तरी जावयाचा. कट्टा अडखळत पुन्हा सुरू झाला, आणि काही महिन्यांनी आईशी बोलायलाही लागला.

मी नोकरीत होते तोवर कुठल्याही कारखान्यात गेले की मुलाला आधी एकच प्रश्न विचारायचे: गेल्या मंगळवारी तू कुठे होतास? मालकांना तो फार असंबद्ध वाटायचा. पण काय शिकवता असं विचारलं की मालक खूप काही सांगतात, आणि घरच्यासारखं वागवतो असं जो आपणहून सांगतो, तिथे मी जरा जास्त वेळ थांबायचे.

आई कायमची भारतात परत निघाली तोवर सिओने जॉइनर झाला होता. विमानाच्या दिवशी सकाळीच त्याने मला फोन केला. नानाला एअरपोर्टवर मी सोडतो म्हणाला, आता माझी स्वतःची यूट आहे. यूट म्हणजे मागे सामान ठेवायची उघडी गाडी. मला भरून आलं. मी फोनवर हात ठेवून आईला सांगितलं. तीही हसली, डब्याचं झाकण लावता लावता. डब्यात त्याच्यासाठी बेसनाचे लाडू होते.

मग तिने विचारलं, “आज वार कोणता?”

“गुरुवार.”

“मग त्याला म्हणावं, कामावर राहा,” आई म्हणाली. “आणि हा डबा तू सुट्टीच्या दिवशी नेऊन दे.”